कुत्र्याची दोरी : दाव्यापासून रिळापर्यंत

श्रीदत्तगुरूंच्या तसबिरींत चार कुत्रे असतात. त्यांपैकीं एकालाहि सहसा कोणी बांधलेलें दाखवीत नाहीं. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागोमाग शेवटपर्यंत गेलेला कुत्राहि मोकळाच होता. पुराणांतील श्वानाला बंधनाची गरज भासली नाहीं, कारण त्याच्या वाटेवर मोटारी नव्हत्या, जिने नव्हते आणि शेजाऱ्याचें रांगतें मूलहि नव्हतें. इतिहासांतील कुत्र्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तो माणसाच्या वस्तींत जसजसा शिरत गेला तसतसा त्याचा गळा आणि माणसाचा हात यांच्यामध्यें एक दोर येत गेला. या दोराचा इतिहास पाहूं गेल्यास एकच प्रश्न पुनःपुन्हा पुढें येतो : दोर किती लांब असावा, आणि ती लांबी कोणी ठरवावी, माणसानें कीं कुत्र्यानें?

आज शहरोशहरीं संध्याकाळीं जो प्रकार दृष्टीस पडतो त्यांत या प्रश्नाचें उत्तर कुत्र्याच्या बाजूनें दिलेलें दिसतें. धन्याच्या मुठींत प्लॅस्टिकची एक डबी असते. तिच्यांतून बारीक दोर सरसर बाहेर येतो, आणि चार-पांच किलो वजनाचें एक चिमुकलें जनावर पंधरा फूट पुढें धांवत असतें. डबी सोयीची आहे यांत शंका नाहीं. परंतु ती हातीं येण्यापूर्वीं माणसानें हजारों वर्षें निराळाच दोर वापरला, आणि तो कां वापरला हें समजल्यावांचून या डबीचे गुणदोष नीट समजत नाहींत.

अरबस्तानच्या वायव्य भागांत शुवैमिस व जुब्बा या दोन ठिकाणीं वालुकाश्माच्या कड्यांवर प्राचीन शिकाऱ्यांनीं कोरलेलीं चित्रें आहेत. मारिया ग्वान्यिन व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २०१७ मध्यें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. या चित्रांत शेंकडो कुत्रे आहेत. उभे कान, आखूड तोंड, वर वळलेली शेपटी. त्यांतल्या कांहींच्या मानेपासून एक रेघ निघते व ती शिकाऱ्याच्या कमरेस जाऊन मिळते. चित्रें आठ हजार वर्षांपूर्वींचीं, कदाचित् त्याहूनहि जुनीं असावींत असा अंदाज आहे. ती रेघ म्हणजे खरोखरच दोर, कीं कुत्रा अमक्याचा एवढेंच दाखविणारी खूण, याविषयीं संशोधक जपून बोलतात, आणि तें योग्यच आहे. पण तो दोर असेल तर त्याची जागा मोठी विचार करण्याजोगी आहे. कमरेस दोर बांधला म्हणजे दोन्ही हात धनुष्यबाणास मोकळे राहतात. शिवाय कुत्र्यानें ओढ घेतली तर ती बोटांवर न येतां सबंध अंगावर येते. त्या निरक्षर शिकाऱ्यानें बोटांची जी काळजी घेतली ती पुढें फार काळ टिकली नाहीं.

ईजिप्तमध्यें राजांच्या दरींत मैहेरप्री नांवाच्या एका सरदाराची कबर इ. स. १८९९ मध्यें व्हिक्टर लोरे या फ्रेंच संशोधकानें उघडली. तींत कातड्याचे दोन सुंदर पट्टे निघाले, आणि एकावर कुत्र्याचें नांव लिहिलेलें होतें : तांतनूइत. सुमारें ३,४०० वर्षांपूर्वींचा हा पट्टा आहे. धन्याबरोबर परलोकीं कुत्रा न्यावयाचा तर त्याचा पट्टाहि बरोबर हवा, ही कल्पना मोठी घरगुती आणि मायेची वाटते.

रोमन लोकांचा व्यवहार रोखठोक होता. पाँपेई शहरांत, शोकनाट्यकवीचें घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्याच्या दारांतच, लहान लहान खड्यांच्या जडावकामांत एक कुत्रा काढलेला आहे. त्याच्या गळ्यांत पट्टा आहे, साखळी आहे, आणि खालीं लॅटिन अक्षरांत ताकीद आहे कीं कुत्र्यापासून सावध असा. चित्रांतल्या या कुत्र्याचा एक खरा भाऊबंद इ. स. १८७४ मध्यें त्याच शहरांतील दुसऱ्या एका घरीं सांपडला. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वत फुटला तेव्हां घरचीं माणसें निघून गेलीं आणि कुत्रा बांधलेलाच राहिला. राखेंत उरलेल्या त्याच्या देहाच्या पोकळींत प्लॅस्टर ओतून संशोधकांनीं त्याचा सांचा मिळविला. पाठीवर पडून, पाय वर करून, अंग पिळवटून घेतलेला तो कुत्रा पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढून लवकर हालत नाहीं. वरून पडणाऱ्या खड्यांचा थर जसजसा चढला तसतसा तोहि वर चढत गेला असावा, आणि साखळी संपली तेथें त्याचा मार्ग संपला. त्या दिवशीं त्याला आणखी दहा हात साखळी मिळाली असती तर तो वांचला असता कीं नाहीं तें सांगतां येत नाहीं. पण बंधनाची लांबी ही प्राणांतिक गोष्ट असूं शकते, याचा याहून करुण पुरावा नाहीं.

पुढील अनेक शतकांत दोराची कला शिकाऱ्यांच्या हातीं वाढली. सशाच्या शिकारीसाठीं ग्रेहाउंड जातीचे दोन कुत्रे एका दुहेरी पट्ट्यांत धरीत. सावज उठलें कीं एकाच झटक्यासरशी दोन्ही गळे एकदम मोकळे होत. इंग्रजींत लीश हा शब्द दोराला तर लागतोच, पण शिकाऱ्यांच्या बोलींत तीन कुत्र्यांच्या गटालाहि लागतो. आपल्या दख्खनेंतील कारवानी कुत्रे आणि मुधोळच्या घोरपड्यांनीं जोपासलेले मुधोळी कुत्रे हेहि त्याच सडपातळ, वेगवान कुळींतले. अशा जनावराच्या बाबतींत दोराचें काम योग्य क्षणापर्यंत धरणें आणि मग पुरतें सोडणें एवढेंच असे. अर्धें धरणें आणि अर्धें सोडणें हा प्रकार शिकाऱ्याच्या शास्त्रांत नव्हता. तो शहरानें आणला.

शहरांत प्रश्न उत्पन्न झाला तो कुत्रा कोणाचा हा. मुंबईचेंच उदाहरण घेतां येईल. इ. स. १८३२ च्या जून महिन्यांत, मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून येथें मोठा दंगा झाला. पारशी समाजांत कुत्र्याला अंत्यविधींतहि स्थान आहे. त्या समाजाचे लोक प्रथम उठले, इतरहि त्यांना मिळाले, बाजार बंद पडले आणि शेवटीं लष्कर आणावें लागलें. मारल्या कुत्र्यामागें बक्षीस मिळत असल्यामुळें पकडणारे लोक मोकाट आणि पाळीव असा भेद करीनात, ही त्यांतली एक मुख्य तक्रार होती. जेथें हा भेद शिपायाला करतां येत नाहीं, किंवा करावयाचा नसतो, तेथें गळ्यांतील पट्टा व दोर हाच कुत्र्याचा दाखला होऊन बसतो.

इंग्लंडमध्यें पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयानें हाच विषय कायद्यांत गेला. इ. स. १८९७ मध्यें शेतकी खात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनीं कुत्र्यांना मुसकें घालण्याची सक्ती कडक केली. लोकांनीं बरीच आरडाओरड केली, पण इ. स. १९०२ पर्यंत तो देश त्या रोगापासून मुक्त झाला. याच काळांत लहान कुत्र्यांची हौस वाढली. इंग्लंडांतील पहिलें मोठें श्वानप्रदर्शन इ. स. १८५९ मध्यें न्यूकॅसल येथें भरलें तें शिकारी कुत्र्यांचें होतें; पण इ. स. १८९१ मध्यें लंडनच्या क्रफ्टच्या प्रदर्शनांत खुद्द व्हिक्टोरिया राणीनें आपले पॉमेरेनियन कुत्रे पाठविले. इटालींतून आणलेला तिचा मार्को नांवाचा कुत्रा जेमतेम बारा पौंडांचा होता. राणीच्या घरीं जें लाडकें तें मध्यमवर्गाच्या घरीं यावयास वेळ लागत नाहीं. असा कुत्रा अंगणांत बांधावयाचा नसतो, शिकारीस न्यावयाचा नसतो. त्याला दिवसांतून दोनदां रस्त्यावर हिंडवून आणावयाचें असतें. कुत्र्यास फिरावयास नेणें हें एक नित्यकर्म होऊन बसलें तें या काळांत.

आतां दुसऱ्या एका धाग्याकडे वळलें पाहिजे. अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांत आल्व्हिन फेलोज नांवाच्या गृहस्थानें इ. स. १८६८ मध्यें मोजमापाच्या फितीचें पेटंट घेतलें. कमानीच्या जोरावर आंत गुंडाळली जाणारी फीत त्याच्या आधींहि होती. फेलोजनें तिला एक खटका जोडला. त्यामुळें फीत बाहेर काढून हव्या त्या ठिकाणीं अडवून धरतां येऊं लागली. कमान ओढते आणि खटका अडवितो, ही जोडी पुढें कितीतरी वस्तूंत शिरली. इ. स. १९०८ मध्यें न्यूयॉर्कच्या मेरी डिलेनी या बाईनें कुत्रा नेण्याच्या अशाच आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या दोराचें पेटंट मिळविलें. शोध चांगला होता, पण काळ त्याला अनुकूल नसावा. घरोघरीं तो कांहीं पोंचला नाहीं. तो पोंचविण्याचें श्रेय मान्फ्रेड बोगदान या जर्मन गृहस्थाकडे जातें. त्यांनीं इ. स. १९७३ मध्यें हांबुर्गजवळील बार्गटेहाइडे या गांवीं या दोराचा कारखाना काढला, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षांत ही डबी जगभर गेली.

डबीची आंतील रचना घड्याळाच्या चावीच्या कमानीसारखी आहे. पोलादाच्या पातळ पट्टीची चक्राकार कमान एका रिळाला जोडलेली असते. कुत्रा पुढें जातो तसें रीळ फिरतें व कमान आवळत जाते. कुत्रा मागें येतो तशी कमान सैल होते व दोर आंत ओढून घेते. मुठीवर खटका असतो. तो दाबला कीं एक खिट्टी रिळाच्या दांत्यांत अडकते आणि दोर जेथल्या तेथें थांबतो. येथें एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. कमानीचा जोर सैल दोर गोळा करण्यापुरताच असतो. कुत्र्याला मागें ओढण्याइतका नसतो. खटका दाबल्यानें दोर वाढावयाचा थांबतो, आंखडत नाहीं. संकट पुढें उभें राहिलें आणि कुत्रा पंधरा फुटांवर असला तर धन्यानें खटका दाबून हात मागें घ्यावा, मग खटका सोडून पुढें व्हावें व तेवढा दोर आंत जाऊं द्यावा, पुन्हा दाबावा, पुन्हा ओढावें. असें दोन-तीनदां केल्यावर कुत्रा जवळ येतो. घाबरलेल्या माणसाला तेवढी शुद्ध क्वचित् राहते. तो दुसऱ्या हातानें दोरच पकडतो.

या दोराची सगळी वाईट कीर्ति त्या पकडण्यांतून निघालेली आहे. जुना चामड्याचा पट्टा बोटभर रुंद असे. तो मुठींत धरतां येई. रिळांत मावावा म्हणून या डबीचा दोर सुतळीइतका बारीक करावा लागला. वेगानें पळणारा असा दोर तळहातांतून किंवा उघड्या पोटरीवरून सरकला तर घर्षणानें कातडी भाजते. बोटाला त्याचा फांस बसला तर बोट कापलें जाण्यापर्यंत वेळ येते. कारखानदारांनीं वेष्टनावर कापणें, भाजणें आणि बोट तुटणें या तिहींची सूचना छापली आहे. ती वाचणारा मनुष्य दुकानांत सहसा दिसत नाहीं.

अमेरिकेंतील सरकारी नोंदींवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणें, कुत्र्याच्या दोरामुळें इ. स. २००७ या एका वर्षांत तेथील रुग्णालयांत उपचार घ्यावे लागलेल्या दुखापती १६,५६४ होत्या. त्यांतल्या सुमारें दहांत एक दहा वर्षें किंवा त्याहून कमी वयाच्या मुलांच्या होत्या, आणि जवळजवळ चौथा हिस्सा बोटांच्या. हे आंकडे पुढें करून रिळाच्या दोरावर खटला भरणारे पुष्कळ आहेत. परंतु न्यायानें सांगावयाचें तर या नोंदींत दोराचा प्रकार वेगळा काढलेला नाहीं. साध्या पट्ट्यानेंहि माणसें पडतात. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. २००१ ते २०२० या वीस वर्षांचा अभ्यास २०२३ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत दोरानें कुत्रा फिरवितांना जखमी होऊन रुग्णालयांत आलेल्या प्रौढांची संख्या सुमारें ४,२२,००० भरली. बोटाचें हाड मोडणें, डोक्याला मार बसणें आणि खांदा लचकणें या दुखापती सर्वांत अधिक होत्या. पासष्टी उलटलेल्यांना पडण्याचा धोका तरुणांच्या तिपटीहून जास्त असल्याचें त्यांना दिसलें. घरच्या आजोबांच्या हातीं संध्याकाळचा कुत्रा सोंपविणाऱ्या कुटुंबांनीं हा भाग विसरूं नये.

रिळाच्याच खास दोषाचा एक दाखला मात्र सरकारी दप्तरांत स्पष्ट आहे. इ. स. २००८ मध्यें अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगानें एका कंपनीचे सुमारें २,२३,००० दोर बाजारांतून परत घेवविले. कुत्र्याच्या पट्ट्यांत अडकवावयाचें धातूचें हूक ओढीखालीं तुटून उडत होतें. ताणलेल्या दोराच्या टोंकाचा धातूचा तुकडा सुटला तर कमान त्याला धरणाऱ्याच्या तोंडाकडेच आणते. साध्या दोरांत हूक तुटलें तर तें बहुधा खालीं पडतें.

हें झालें माणसाचें. चिमुकल्या कुत्र्याचा हिशेब याहून अवघड आहे, आणि तो शाळेंतील गणितानें मांडतां येतो. पांच किलोचा कुत्रा सेकंदाला पांच मीटर या वेगानें पळत आहे, आणि दोर संपल्यामुळें किंवा खटका दाबल्यामुळें तो दहा सेंटिमीटरांच्या आंत थांबला, असें धरावें. त्या क्षणीं त्याच्या गळ्यावर सरासरी ६४ किलो वजनाइतकी ओढ येते. म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या बारापटीहून अधिक. दोर दीड मीटरांचा असता तर कुत्र्याला तेवढा वेग घेण्यास वावच मिळाला नसता. आणि वेग निम्म्यावर आला कीं हा धक्का चौथाईवर येतो. लांब दोरानें स्वातंत्र्य दिलें तें असें, धांव घेण्यापुरतें. थांबण्याची किंमत त्यानें गळ्यावर ठेवली.

आणि तो गळा कसा? पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ अशा लहान जातींत श्वासनलिकेचीं कूर्चेचीं कडीं पुष्कळदां जात्याच दुबळीं असतात. वय होतें तशीं तीं चपटतात, आणि कुत्रा हंस ओरडावा तसा खोकूं लागतो. अशा जनावराचा दोर गळ्यांतील पट्ट्याला बांधूं नये, छातीभोंवतीं बसणाऱ्या हार्नेसला बांधावा, असें पशुवैद्य सांगतात. डोळ्यांसंबंधींहि असाच अनुभव आहे. इ. स. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, गळ्यांतील पट्ट्यानें ओढ घेणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब वाढला. हार्नेसनें ओढ घेतली तेव्हां तो तसा वाढला नाहीं. ज्या कुत्र्यांना आधींच डोळ्यांचा विकार आहे त्यांच्या बाबतींत ही गोष्ट किरकोळ नव्हे.

शिवाय कमान सदा ओढत असते. साधा दोर सैल पडला म्हणजे कुत्र्याला आपण धन्याच्या जवळ आहों असें समजतें. या दोरांत सैल हा प्रकारच नाहीं. पुढें जोर केला कीं दोर वाढतो, हें कुत्रा दोन दिवसांत शिकतो. मग बाराहि महिने ओढणारा कुत्रा म्हणून त्याची तक्रार करणें हा त्याच्यावर अन्यायच होय. आणि मूठ हातून निसटली तर प्लॅस्टिकची जड डबी खडखडत त्याच्या मागून येते. चार-पांच किलोच्या जीवाला तें एखादें जनावर पाठीस लागल्यासारखें वाटतें, तो जीव घेऊन पळतो, आणि पळेल तितकी ती डबी मागें येतच राहते.

पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर या सर्वांत आणखी एका गोष्टीची भर पडते. रस्त्यावरील वाहनांच्या एका रांगेची रुंदी सुमारें तीन ते साडेतीन मीटर असते. पदपथाच्या कडेस उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं पांच मीटरांचा दोर असेल तर कुत्रा पहिली रांग ओलांडून दुसरींत पोंचूं शकतो. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें येणारी मोटार एका सेकंदांत अकरा मीटर येते. सांजवेळीं त्या बारीक दोराचें तर चालकाला दर्शनहि होत नाहीं. दुसरी गोष्ट गल्लींतील कुत्र्यांची. नसबंदी व लस देऊन त्यांना त्यांच्याच जागीं परत सोडावें, असा इ. स. २००१ पासूनच्या व पुढें २०२३ मध्यें नव्यानें केलेल्या नियमांचा रोंख आहे; तेव्हां प्रत्येक कोपऱ्यावर कोणाचें तरी राज्य असतें. घरांत वाढलेला पांढरा शुभ्र स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सरसकट पॉमेरियन म्हणतात, तो पंधरा फूट पुढें गेला म्हणजे त्या राज्याच्या सीमेवर त्याची व तेथील मालकांची भेट धन्याच्या आधीं होते. आखूड दोर असता तर त्याला उचलून खांद्यावर घेतां आलें असतें.

रिळाचा दोर सर्वस्वी टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. मोकळें मैदान असावें, कुत्र्याच्या अंगावर हार्नेस असावा, दोर सुतळीसारखा न घेतां सबंध फितीचा घ्यावा, आणि हातीं धरणाऱ्याला खटक्याची संवय असावी. मग त्या लहान जीवाला हुंगण्या-बागडण्याचें जें सुख मिळतें तें हातभर पट्ट्यानें मिळत नाहीं. रस्त्यावर येतांच मात्र दोर एक-सव्वा मीटरावर आणून खटका कायमचा लावावा. बहुतेक डब्यांना तशी कळ असते. तिचें काम फेलोजच्या खटक्याचेंच आहे. तिच्यांत वाळू गेली, किंवा पावसांत दोर ओलाच गुंडाळून ठेवला, तर कळ नीट बसत नाहीं आणि दोर कुजतो. तेव्हां आठवड्यांतून एकदां दोर शेवटपर्यंत बाहेर काढून वाळवावा, तो कोठें विरला आहे काय तें बोटानें चांचपून पाहावें, हुकाची कडी वाकली असल्यास डबीच बदलावी, आणि दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं खटका दाबून एकवार जोरानें ओढून पाहावें.